कावीळ: कोणती, कधीची आणि किती खोल



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात लॅब नव्हती. ते रुग्णाला खिडकीपाशी उजेडात नेत, पापणी खाली ओढून बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघत आणि लघवी काचेच्या बाटलीत आणायला सांगत. बाटली बूच लावून हलवली की वर फेस येतो. तो पिवळा दिसला तर लघवीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग देणारे द्रव्य, आहे. लघवी गडद पण फेस पांढराच असेल तर रंगाचे कारण बहुधा दुसरे: पाणी कमी पिणे, एखादे औषध. तांबड्या पेशी फुटून आलेल्या काविळीतही फेस पांढराच राहतो, कारण यकृतात प्रक्रिया न झालेले बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही आणि मूत्रपिंडातून गळत नाही. म्हणजे फेस पिवळा दिसला की बिलिरुबिन यकृतापर्यंत पोचले, तिथे त्यावर प्रक्रियाही झाली, पण पित्तात जायचे ते उलटे रक्तात आले, एवढे त्या बाटलीतून कळत असे.

आज कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळी रक्त दिले की संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येतो. 'नॉर्मल'च्या बाहेरचे आकडे ठळक छापलेले असतात. घरचे लोक ते मोठ्याने वाचतात, पुण्याच्या भाच्याला पाठवतात, आणि भाचा सांगतो, "मामा, एसजीपीटी दोन हजार आहे, ताबडतोब ॲडमिट करा." मला आज बोलायचे आहे ते या कागदाबद्दल. तीव्र हिपॅटायटिस, म्हणजे यकृताला अचानक आलेली सूज, अनेक कारणांनी येते. बाहेरून सगळे रुग्ण सारखे दिसतात: मळमळ, जेवणावरची वासना गेलेली, पिवळे डोळे, चहासारखी लघवी. त्यांच्यातला फरक लॅबच्या आकड्यांतून कळतो. मात्र त्यातला प्रत्येक आकडा आपापल्या घड्याळावर चालतो. एक काही तासांत बदलतो, एक आठवड्यांत, एक आयुष्यभर तसाच राहतो. ही घड्याळे एकमेकांत मिसळली की चुकीचा आजार गळ्यात पडतो.

एसजीपीटी आणि एसजीओटी यांच्यापासून सुरुवात करू. ही यकृताच्या पेशींच्या आतली एन्झाइम्स. पेशी फुटली किंवा तिचे आवरण झिरपू लागले की ती रक्तात येतात. १९५४-५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कार्मेन, रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी एसजीओटी प्रथम मोजले ते हृदयविकाराच्या रुग्णांत. त्याच सुमारास इटलीत नेपल्सला दे रितिस यांनी हिपॅटायटिसमध्ये ही एन्झाइम्स कशी चढतात ते दाखवले. एसजीओटी हृदयात, स्नायूंत, तांबड्या पेशींतही असते. एसजीपीटी मुख्यतः यकृतातले. रक्तात आल्यावर एसजीओटी साधारण सतरा तासांत निम्मे होते, एसजीपीटीला जवळपास दोन दिवस लागतात. हा फरक लक्षात ठेवा.

विषाणूंच्या काविळीत दोन्ही आकडे शेकड्यांत किंवा हजारांत जातात, एसजीपीटी सहसा वरचढ असते, आणि उतरायला आठवडे लागतात. दारूच्या हिपॅटायटिसचे चित्र उलटे. डोळे हळदीसारखे पिवळे, ताप, पोट फुगलेले, रुग्ण विषाणूच्या रुग्णापेक्षा जास्त आजारी, आणि एसजीओटी जेमतेम दीडशे-दोनशे. तीनशेच्या वर क्वचितच जाते. पण ते एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असते. एसजीपीटी तयार व्हायला बी-६ जीवनसत्त्व लागते, आणि नेमके तेच दारू पिणाऱ्याच्या शरीरात कमी असते. शिवाय दारू पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांना इजा करते, त्यातले एसजीओटी बाहेर पडते. म्हणून कोणी "मी घेत नाही हो" म्हणत असेल आणि कागदावर एसजीओटी १८० व एसजीपीटी ७० असेल, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. पत्नीला थोडे बाहेर बसायला सांगतो आणि पुन्हा विचारतो.

याच्या दुसऱ्या टोकाला आहेत पाच हजार, आठ हजार असे आकडे. घरचे अशा वेळी घाबरून जातात. पण इतक्या वर विषाणूची कावीळ क्वचित जाते. तिथे आधी तीन प्रश्न विचारायचे. रक्तदाब खूप वेळ खाली होता का? पॅरासिटामॉल किती घेतले? आणि दबक्या आवाजात, घरात उंदराचे औषध होते का? हृदयविकारानंतर किंवा मोठ्या रक्तस्रावानंतर यकृताला रक्तच पोचले नाही तर दोन्ही एन्झाइम्स एका दिवसात आभाळाला भिडतात, सोबत एलडीएच हे आणखी एक एन्झाइमही तितकेच चढते, आणि रक्तपुरवठा सुरू झाला की दर दिवशी जवळपास निम्मी होत उतरतात. बिलिरुबिन मात्र फारसे वाढलेले नसते. विषाणूच्या काविळीत एलडीएच एवढे उसळत नाही. एका दिवसाच्या कागदावर हे दोन आजार सारखे वाटू शकतात. तिसऱ्या दिवशीचा कागद शेजारी ठेवला की एकाचा आकडा कोसळलेला दिसतो, दुसऱ्याचा जागच्या जागी रेंगाळलेला. पित्तनलिकेत अडकलेला खडाही पहिल्या दिवशी एसजीपीटी हजारावर नेतो आणि दोन दिवसांत खाली आणतो. सोनोग्राफीच्या आधी विषाणूच्या महागड्या तपासण्यांची यादी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अल्कलाइन फॉस्फटेज या आकड्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पेशींना इजा आहे की पित्ताचा मार्ग अडला आहे, हे ठरवायला एसजीपीटी नॉर्मलच्या किती पट आहे आणि फॉस्फटेज किती पट आहे ते काढून पहिल्याला दुसऱ्याने भागतात. भागाकार पाच किंवा अधिक आला तर मार पेशींवर, दोन किंवा कमी आला तर अडचण पित्ताच्या वाहण्यात. अंकगणित चौथीचे आहे, पण करायला कंटाळा येतो. हाच आकडा अनपेक्षित खाली दिसला तर मी अधिक दचकतो. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, डोळे गर्द पिवळे, हिमोग्लोबिन अचानक घसरलेले, तांबड्या पेशींवरच्या प्रतिपिंडांची कूम्ब्स तपासणी निगेटिव्ह, आणि फॉस्फटेज वाढत्या वयात असायला हवे त्याहून कितीतरी कमी. ही विल्सनची व्याधी असू शकते. शरीरात तांबे साठत जाते आणि एक दिवस यकृत कोसळते. तिला हिपॅटायटिस समजून घरी 'विश्रांती' देत राहिले तर मूल हातचे जाते, आणि त्याच्या पाठच्या भावंडांची तपासणीही राहून जाते.

आता विषाणूंकडे वळतो, आणि इथे मला दिल्लीची गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

१९५५च्या पावसाळ्यानंतर यमुनेला पूर आला. नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याची घाण वजिराबादच्या उपशाच्या जागेपर्यंत मागे आली. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या हे ध्यानात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. विषमज्वराची साथ आली नाही. पण डिसेंबर ते जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. बहुसंख्य रुग्ण तरुण प्रौढ होते, आणि गरोदर बायकांमध्ये मृत्यू फार झाले. हा 'संसर्गजन्य हिपॅटायटिस', म्हणजे आज ज्याला हिपॅटायटिस ए म्हणतो तो, असे त्या वेळी सगळ्यांनी धरले. विश्वनाथन यांनी या साथीचे जे तपशीलवार अहवाल लिहिले ते जगभर त्याच आजाराचे उदाहरण म्हणून वाचले गेले.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. आपल्याकडे हिपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जायचा, बऱ्याचदा घरच्यांच्या लक्षातही न येता, आणि त्याची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. मग पंचविशीतले लोक हजारांनी आजारी कसे पडले? उत्तर द्यायला हत्यार नव्हते. १९७३ मध्ये फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल यांनी हिपॅटायटिस एचा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि पुढे त्याच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या आल्या. इथे दुसरे घड्याळ सुरू होते. संसर्ग झाला की आधी आयजीएम जातीची प्रतिपिंडे येतात आणि चार-सहा महिन्यांत ओसरतात. आयजीजी नंतर येतात आणि कायम राहतात. आयजीएम सापडले तर आजार ताजा, नुसते आयजीजी सापडले तर जुना. दिल्लीच्या साथीतले रक्ताचे नमुने कुणीतरी जपून ठेवले होते. त्यांच्यासोबत १९७५-७६ची अहमदाबादची साथ आणि १९७८ची पुण्याची साथ यांतले नमुने तपासले गेले, आणि १९८० मध्ये निष्कर्ष छापून आला: या साथी ना एच्या, ना बीच्या. जुन्या एच्या खुणा रुग्णांत होत्या, ताज्या नव्हत्या. काश्मीरमधल्या १९७८च्या साथीवरून डॉ. खुरू यांनीही हेच मांडले होते. १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून पसरलेली साथ पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने अभ्यासली, ती याच आजाराची निघाली.

विषाणू पकडला तो मॉस्कोच्या मिखाइल बालायान यांनी. मध्य आशियात काविळीने आजारी पडलेल्या सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क त्यांनी स्वतः प्यायला. त्यांच्या शरीरात हिपॅटायटिस एची प्रतिपिंडे आधीपासून होती, म्हणून कावीळ झाली तर ती एची नसणार हे नक्की होते. त्यांना ती झाली. स्वतःच्या विष्ठेत त्यांनी विषाणूचे कण शोधले आणि १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केले. आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो. आज असा प्रयोग कोणतीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, आणि ते बरोबरच आहे, पण त्या माणसाच्या तर्काला दाद द्यावीच लागते.

आता ताज्या-जुन्या प्रतिपिंडांच्या याच गणिताची काळी बाजू. आपल्या देशात शंभरातल्या दोन ते चार जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा पृष्ठभागीय अँटिजेन, म्हणजे एचबीएसएजी, वर्षानुवर्षे असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. बारूक ब्लमबर्ग यांनी हा अँटिजेन एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात पाहिला, १९६५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आता जुलैचा महिना धरा. वसतिगृहातल्या बावीस वर्षांच्या मुलाला कावीळ होते. एसजीपीटी १८००, बिलिरुबिन ९. लॅब एचबीएसएजी करते, पॉझिटिव्ह येते, आणि फाइलवर 'तीव्र हिपॅटायटिस बी' लिहिले जाते. लग्नाची बोलणी थांबतात, खोलीतली मुले ताटे वेगळी करतात. खरे तर त्या पॉझिटिव्हचे घड्याळ अनेक वर्षांपूर्वी, कदाचित जन्माच्या वेळी, सुरू झालेले असते. आज आलेली कावीळ पाण्यातून आलेल्या ईची असते. हे उलगडायला दोन तपासण्या पुरतात: बीच्या गाभ्याविरुद्धचे आयजीएम, म्हणजे आयजीएम अँटी-एचबीसी, आणि ईचे आयजीएम. पहिले निगेटिव्ह आणि दुसरे पॉझिटिव्ह आले तर बी जुना, ई ताजा. जुना बी अधूनमधून स्वतःच उसळतो आणि तेव्हाही गाभ्याचे आयजीएम थोडे चढते, म्हणून अधल्यामधल्या आकड्यांवर लगेच शिक्का मारू नये. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायचा. ताजा बी प्रौढ माणसात बहुतेक वेळा तोवर गेलेला असतो.

उलटही घडते. बीचा हल्ला फार तीव्र असेल तर शरीर विषाणूला इतक्या जोराने हाकलते की रुग्ण अत्यवस्थ होऊन येईपर्यंत एचबीएसएजी निगेटिव्ह झालेला असतो, आणि रक्तात उरते ते फक्त गाभ्याचे आयजीएम. 'बी निगेटिव्ह' असा रिपोर्ट हातात घेऊन लोक निर्धास्त होतात. हिपॅटायटिस सीची अडचण आणखी वेगळी. त्याची प्रतिपिंडे दिसायला दोन-तीन महिने लागतात, विषाणूचे आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच सापडते. ताज्या सीला अँटिबॉडी तपासणीत शोधणे म्हणजे बऱ्याचदा वेळेआधी शोधणे. डीला स्वतःचे आवरण नाही. तो बीच्या आवरणावर जगतो, म्हणून बी नसेल तर डी शोधायचे कारण नाही.

पावसाळ्यात आपल्या कोकण-मुंबई पट्ट्यात आणखी एक घोळ असतो. डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त चढते, सोबत प्लेटलेट कोसळतात, डोळे सहसा पिवळे होत नाहीत. लेप्टोमध्ये, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसमध्ये, डोळे गर्द पिवळे, बिलिरुबिन वीसच्या पुढे, पण एसजीपीटी शंभर-दीडशेच्या आसपास, स्नायूंतले सीपीके वाढलेले, मूत्रपिंडाचा हाल सांगणारे क्रिएटिनिन चढत चाललेले. बिलिरुबिन आणि एसजीपीटी यांची अशी ताटातूट दिसली की विषाणूचे नाव बाजूला ठेवून पोटऱ्या दाबून बघाव्यात. लेप्टोचा रुग्ण तिथे विव्हळतो.

औषधांमुळे होणाऱ्या हिपॅटायटिसला कोणतीही एक तपासणी नाही. इतर कारणे वगळत-वगळत निदान करायचा तो आजार आहे. आपल्याकडे त्यात क्षयरोगाची औषधे आघाडीवर: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड. लक्षणे असतील तर एसजीपीटी तिप्पट, नसतील तर पाचपट झाले की औषधे थांबवायची, असा सर्वमान्य दंडक आहे. हायमन झिमरमन यांनी दाखवून दिले की औषधाने पेशींना इजा होऊन सोबत कावीळही झाली तर दर दहांतला एक रुग्ण दगावू शकतो. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या काढ्यानंतर आलेले हिपॅटायटिसचे काही रुग्ण नोंदवले. त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात एएनए पॉझिटिव्ह होते, म्हणजे स्वयंप्रतिकार हिपॅटायटिससारखे चित्र. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. माझे मत एवढेच की 'ते तर झाडपाल्याचे' असे म्हणून ते रुग्णाच्या यादीतून गाळू नये. काविळीच्या रुग्णाला मी गोळ्यांची पाकिटे, काढ्याची बाटली आणि पुडीसुद्धा घेऊन यायला सांगतो.

झाडपाल्याचा विषय निघाला आहे तर चुन्याच्या निवळीबद्दलही बोलू. काविळीच्या माणसाच्या हातांना झाडपाल्याचा रस लावून ते निवळीत धुतले की पाणी पिवळे होते, आणि कावीळ 'उतरली' म्हणतात. ही एक तपासणीच आहे असे समजू. मग तपासणीचा पहिला नियम तिलाही लागू करा. कावीळ नसलेल्या शेजाऱ्याचे हात त्याच पद्धतीने, तोच रस लावून, त्याच निवळीत धुऊन बघा. तसे कुणी करत नाही. ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय निवळीला मिळते.

आता ज्या आकड्याने माणूस वाचणार की नाही ते ठरते, त्याकडे येतो. तो एसजीपीटी नव्हे, बिलिरुबिनही नव्हे. तो आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा. गोठण्याचे घटक यकृत बनवते, आणि त्यातला सातवा घटक रक्तात पाच-सहा तासांतच निम्मा होतो. यकृताने काम थांबवले तर दिवसाभरात आयएनआर चढू लागतो. अल्ब्युमिनही यकृतच बनवते, पण ते निम्मे व्हायला वीस दिवस लागतात. म्हणून ताज्या आजारात ते नॉर्मल दिसते आणि खोटा धीर देते. आयएनआर दीडच्या वर आणि सोबत रुग्ण असंबद्ध बोलू लागला, रात्री जागा आणि दिवसा झोपलेला, हात पुढे धरले की पंजे फडफडताहेत, तर ते तीव्र यकृतनिकामीपण आहे. त्या क्षणी 'कोणती कावीळ' हा प्रश्न मागे पडतो आणि यकृत प्रत्यारोपण होते अशा रुग्णालयाचा फोन नंबर पुढे येतो. पित्त अडल्यामुळेही आयएनआर वाढतो, कारण 'के' जीवनसत्त्व शोषले जात नाही. त्यासाठी 'के'चे इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. उतरला तर अडथळा, तसाच राहिला तर यकृत थकले.

या ठिकाणी घरच्यांची सगळ्यात मोठी फसगत होते. सोमवारी एसजीपीटी ३०००, शुक्रवारी ४००. "उतरले डॉक्टर!" पण बिलिरुबिन १२ वरून २२ वर आणि आयएनआर १.६ वरून ३.८ वर गेलेला असतो. एसजीपीटी उतरले कारण फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत. याच्या नेमके उलट, बरा होत असलेला रुग्ण महिनाभर पिवळाच राहतो आणि घरचे औषध बदलायला निघतात. बिलिरुबिनचा एक भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटतो आणि त्याच्याच वीस दिवसांच्या गतीने जातो. तो लघवीतून गळत नाही, म्हणून लघवी आधी स्वच्छ होते आणि डोळे मागून. आयएनआर नॉर्मल, भूक परत आली, लघवी पांढरी, तर डोळ्यांकडे रोज आरशात बघायची गरज नाही.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ईमुळे होणारे मृत्यू शंभरात वीस-पंचवीसपर्यंत नोंदले गेले आहेत. तिला कावीळ दिसली की त्याच दिवशी आयएनआर, रक्तातली साखर, प्लेटलेट आणि ईचे आयजीएम. आयजीएमचा निकाल यायची वाट बघत तिला तालुक्यात ठेवायचे नाही.

काविळीचा प्रकार कळला की तपास घराबाहेरही करावा लागतो. ए किंवा ई असेल तर संसर्ग दोन ते आठ आठवड्यांपूर्वीचा. आज नळाचे पाणी तपासून ते स्वच्छ आढळले म्हणून नगरपालिका हात झटकू शकत नाही, कारण महिन्याभरापूर्वी गटाराशेजारून जाणारी फुटकी पाइपलाइन एव्हाना दुरुस्तही झालेली असू शकते. बघायचे ते त्या वेळच्या तक्रारींचे रजिस्टर आणि खोदकामाच्या नोंदी. ताजा बी असेल तर दोन ते पाच महिने मागे जायचे: इंजेक्शन, सलाईन, दाताचे काम, गोंदण. २००९ मध्ये गुजरातमध्ये मोडासा भागात तीव्र हिपॅटायटिस बीची साथ आली, अनेक लोक दगावले, आणि माग काढत गेल्यावर तो पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज आणि सुयांपर्यंत पोचला. तिथे रुग्णांना विचारायचा प्रश्न 'काय खाल्ले, कुठले पाणी प्यायलात' हा नव्हता. थंडीच्या आधी साध्या तापासाठी कुणाकडे सुई टोचून घेतली होती, हा होता.